उताणी शिंपली

लोणार, ९ जानेवारी १९३५

खामगावहून नजीरच्या सर्व्हिस मोटारीत बसलो आणि इथे हाडं खिळखिळी होऊन उतरलो. मोटारीत माणसं कमी, सरकीची पोती जास्त. नजीरने वाटेत विचारलं, "साहेब, कोनत्या खात्याचे?" मी म्हणालो, "कालवांचा अभ्यास करतो." तो खूश झाला. "कालव्याचा? म्हंजे पाटबंधारे! अठी कालवा आला त लई बरं होईन." मी समजावून सांगेपर्यंत गावात बातमी पोचलीसुद्धा. घरमालकीण सोजराबाईंनी पहिला प्रश्न केला तो हाच, की कालवा कुठून नेणार.

खरी हकीकत अशी, की मी खामगावच्या तेलघाणीवाल्यांचा धाकटा मुलगा त्र्यंबक. नागपूरला प्रोफेसरसाहेबांच्या हाताखाली एम.एस्सी.साठी कालवांवर काम करतो. गेल्या वर्षी रत्नागिरीच्या खाडीत कमरेइतक्या चिखलात उभा राहून शिकलो, की कालवं खडकाला कशी चिकटतात, त्यांच्या आसऱ्याने कोण कोण जगतं. यंदा तिकडे जाणं जमलं नाही. साहेब म्हणाले, "तुमच्या वऱ्हाडात खाऱ्या पाण्याचं तळं आहे ना? तिथे कवचाचा एक जिवंत प्राणी दाखवा, प्रबंध झाला समजा." नाही सापडला तर दादांनी घाणीवर माझी गादी घालूनच ठेवली आहे. सरकीच्या पेंडीच्या वासात जन्म काढायचा! त्यापेक्षा खाडीतला चिखल बरा.

१३ जानेवारी

रोज तळ्यावर उतरतो. वर गावात वारा असतो. कडा उतरून खाली गेलं की तो थांबतो, आणि आपण बोललेलं जरा उशिराने, दुसऱ्याच बाजूने ऐकू येतं. पाणी हिरवं आणि बुळबुळीत, वास नासक्या अंड्यांचा. खाराच्या ठेकेदाराचा म्हातारा राखणदार रहेमतुल्ला काठावर बसलेला असतो. त्याला विचारलं, "यात मासे?" नाही. "गोगलगायी?" नाही. "मग आहे काय यात?"

"पानी हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन चढून आलो. धीर सुटत चालला आहे.

१८ जानेवारी

सापडलं! पलीकडच्या काठाला, बाभळींच्या खाली, पाण्यापासून वीतभर अंतरावर एक शिंपलं. पुढे दुसरं, तिसरं. नदीतल्या शिंपल्यांसारखीच लांबट, पण नदी इथून कोसभर लांब, आणि या कढईसारख्या खळग्यात नदीचं काही वाहत येत नाही. म्हणजे इथलीच! मी चिखलात उड्या मारल्या, हे लिहायला लाज वाटत नाही.

रहेमतुल्ला बाभळींपर्यंत आला नाही, लांबूनच ओरडला, "ते लेकराईचे हायेत, साहेब. राहू द्या तठीच."

पोरांचं खेळणं म्हणे. मी विचारलं, "पोरं इतक्या खाली खेळायला येतात?" त्याने पाण्याकडे बघितलं. "येत असतीन," म्हणाला. "आपल्याले काय दिसते."

सगळी उचलून आणली.

२३ जानेवारी

काही गोष्टी चमत्कारिक आहेत, त्या नोंदवून ठेवतो. एक तर प्रत्येक शिंपल्याचं एकच दळ मिळतं. जोडीचं दुसरं दळ नाही, आतला प्राणी नाही. दुसरं, सगळी उताणी पडलेली असतात, पोकळ बाजू आभाळाकडे. पाण्याने आणून टाकली असती तर निम्मी पालथी असती. तिसरं, टोकाकडची कड घासून गुळगुळीत झालेली. पाण्याला ना लाट ना ओहोटी, मग घासतं कोण? चौथं, पोकळीत पांढरा, सुकलेला थर. खार समजून खरवडला आणि तपासला तर त्यात स्निग्धांश निघाला. माझी परीक्षानळी नीट धुतलेली नसावी.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर एक काळा ठिपका. अगदी काजळासारखा. कुणाचा मध्यावर, कुणाचा कडेला, कुणाचा जरा लांबट. दोन ठिपके सारखे नाहीत. हे नव्या जातीचं लक्षण असणार. नदीच्या शिंपल्यांना असा ठिपका नसतो.

गावात लहान पोरांत खोकल्याची साथ आहे. मला अजून काही नाही.

२७ जानेवारी

सोजराबाई भिंतीपलीकडच्या बाईला सांगत होत्या, "उकंडरावाच्या घरी काल शिंपलं ठेवलं." मी हातातला चहा तसाच ठेवून निघालो. कुणी ते घरात जपून ठेवत असेल तर जोडीचं दळ मिळण्याचा संभव होता!

उकंडराव बऱ्यापैकी जमीनदार. ओसरीवर दहा-बारा माणसं गप्प बसली होती. पंचायत असावी. मी नमस्कार केला आणि सरळच विचारलं, "तुमच्याकडे शिंपलं ठेवलं असं ऐकलं. मला द्याल का? मी ती जमवतो आहे. बाभळीखालची सगळी माझ्याकडेच आहेत. नीट ठेवतो, प्रत्येकाला निराळा खण, खाली कापूस."

एक म्हातारा उठायला लागला, त्याला उकंडरावांनी हाताने बसवलं. "तुमी त्याईले घरी नेता?" त्यांनी विचारलं.

"हो. उन्हातान्हात पडून खराब होतात."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि त्यांची सून बाहेर आली. शालूबाई. केस मोकळे, पदराचं भान नाही. सासू सुभद्राबाई मागून दंड धरून होती. सून म्हणाली, "कापूस घालता?"

"सावरीचा. मऊ असतो."

"मंग घेऊन या मास्तर. काल ठेवलं आमी. तठी थंडी लई हाय."

मला मास्तर कुणी केलं कोण जाणे. तळ्यावर गेलो तर खरंच एक नवं शिंपलं, ठिपका अगदी टोकाशी. जोडीचं दळ मात्र त्यांच्याकडेही नव्हतं. काही का असेना, वऱ्हाडी माणूस मनाचा मोठा. परक्याच्या अभ्यासाची इतकी काळजी मी नागपुरातही पाहिली नाही.

३१ जानेवारी

तीन दिवस झाले, दिवेलागणीला दाराशी दुधाची वाटी असते. कोण ठेवतं ते सोजराबाई सांगत नाहीत. म्हशीचं नाही, गाईचंही नसावं. पातळ, निळसर, जरा जास्तच गोड. बकरीचं असेल. चहा काही त्याचा बरोबर होत नाही, म्हणून नुसतंच पिऊन टाकतो. कोरड्या भाकरीवर कंटाळलो होतो, या दुधाने झोप छान लागते.

५ फेब्रुवारी

दूध ठेवणारी शालूबाईच निघाली. आज उंबऱ्याबाहेर थांबली होती, मी दार उघडलं तेव्हा दचकली नाही. आत डोकावून म्हणाली, "माहं कोनतं हाय?"

मी दाखवलं. खिडकीपासूनच्या दुसऱ्या रांगेत होतं.

"उजेडात ठेवा ना जी. अंधाराले भेते ते."

खेड्यातल्या बायका निर्जीव वस्तूंबद्दल असं बोलतात, त्याचं मला मोठं कौतुक वाटतं. आमची आई जात्याला दुपारी झोपू द्यायची. मी शिंपलं खिडकीशी सरकवलं. मग तिने विचारलं, "उगं राह्यते का? का आवाज करते?"

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चांगला होता. ओलं कवच सुकताना बारीक टक्‌टक्‌ वाजतं, मी दुपारी बरेचदा ऐकलं आहे. तसं सांगितलं. "करतं कधी कधी. विशेषतः नवीन आणलेलं. हळूहळू थांबेल, सवय झाली की."

तिने पदर तोंडात धरला. रडत होती की हसत होती ते कळलं नाही. जाताना माझ्या पायांना हात लावून गेली, मला फार संकोच झाला.

आज उकंडराव स्वतः रस्त्यात भेटले. म्हणाले, "मास्तर, तुमच्यानं सूनबाई जेवून राह्यली. नाही त आमी तिची आशा सोडली होती." मी म्हणालो, माझं काहीच नाही. ते म्हणाले, तुमचंच हाय.

९ फेब्रुवारी

आता चार-पाच जणी येतात. कुणी काही मागत नाही. बाहेर उभ्या राहून बघतात आणि वाट्या ठेवून जातात. इतकं दूध मी कसा पिणार? आज वाट्या टेबलावर तशाच ठेवून, दाराला कुलूप लावून तळ्यावर गेलो. भर दुपारी परतलो तर वाट्या कोरड्या. आणि शिंपल्यांच्या घासलेल्या कडा ओल्या.

मांजर. दुसरं काय!

सोजराबाई म्हणाल्या, "माह्या घरात मांजर येत नाही." अलीकडे त्या माझ्या खोलीत झाडायलाही येत नाहीत. दाराशी आल्या तर डोक्यावर पदर घेतात आणि कुजबुजत बोलतात. "मास्तर, तुमाले भेव नाही लागत?" त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, "कशाचं? घाणीवर बसावं लागेल याचं लागतं तेवढं."

१४ फेब्रुवारी

पेटी भरली. सगळी शिंपली कापसात गुंडाळून नागपूरला रवाना. इतका सुंदर संग्रह पाहिल्यावर साहेब जिवंत प्राण्याचा आग्रह धरणार नाहीत.

नजीरने पेटी टपावर टाकायला उचलली. "आत काय हाय?" "शिंपली," मी म्हणालो. त्याने पेटी हळूच खाली आणली. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसलेल्या शेटजीला उठवून मागे पाठवलं आणि तिथे आपली शाल घालून पेटी ठेवली. मला म्हणाला, "आमचंबी एक हाय त्याच्यात, साहेब. नसीमाचं." नसीमा त्याची बायको. तिनेही एखादं शोधून दिलं असेल. मी त्याचे आभार मानले.

एरवी गावातून जाताना हा माणूस हॉर्नवरचा हात काढत नाही. आज मोटार दिसेनाशी होईपर्यंत हॉर्न वाजला नाही. बिघडला असावा.

२२ फेब्रुवारी

साहेबांची तार आली! जात नवी दिसते, ठिपक्याबद्दल लिहा, लेख ताबडतोब तयार करा, अभिनंदन. तार मी इतक्यांदा वाचली की घडीवर फाटली. घाणी गेली खड्ड्यात! दादांना आजच कळवतो.

संध्याकाळी मात्र सगळ्याचा विरस झाला. शालूबाई आली आणि तिला रिकामे खण दिसले. मी आनंदाने सांगितलं, की ती नागपूरला पोचली, मोठ्या दगडी इमारतीत काचेच्या कपाटात राहतील, लांबून लांबून लोक बघायला येतील.

"तठी दूध कोन देईन?"

मी हसलो. "त्यांना कशाला लागतं दूध?"

ती पायरीवर बसली. वाटी तिच्या मांडीवर कलंडली तरी तिला कळलं नाही. शेवटी सुभद्राबाई येऊन तिला घेऊन गेली. मला त्या म्हातारीचं माझ्याकडे बघणं आवडलं नाही. मी कुणाचं काय घेतलं? विचारून घेतलं!

खोलीतली टक्‌टक्‌ अजून थांबलेली नाही. लाकडी खणांचीच असावी मग. एवढे दिवस मी उगाच शिंपल्यांना दोष देत होतो.

२६ फेब्रुवारी

झालं ते क्रमाने लिहितो.

सोजराबाईंची मुलगी गीताबाई सकाळी बाळाला घेऊन आली. खोकला होता त्याला, आता बरा आहे. मी अंगणात दात घासत उभा होतो. तिने बाळ मांडीवर आडवं घेतलं, कोनाड्यातून एक शिंपलं काढलं, त्यात दूध ओतलं आणि शिंपल्याचं टोक बाळाच्या ओठाला लावलं. गुळगुळीत टोक. दूध एका धारेत गेलं. दूध संपल्यावर तिने शिंपलं पुसून पालथं ठेवलं. पाठीवर काजळाची तीट होती.

आमच्याकडे बाळाला पाजायला चांदीचं बोंडलं. मी घरातलं शेंडेफळ, मी कधी कुणाला पाजताना बघितलंच नाही.

मी सोजराबाईंना विचारलं, "मूल गेलं की या शिंपल्याचं काय करतात?"

"तुमाले ठाऊक नाही? मंग तुमी काय समजून नेले ते?" म्हणत त्या खाली बसल्या. "घरात ठेवता येत नाही. दुसऱ्या लेकराच्या तोंडाले लावता येत नाही. पान्यापाशी ठेवा लागते, तोंड वर करून. प्याले येते म्हनतात. आमाले वाटलं, तुमाले दिसतात ते. म्हनून घरी आनले."

उकंडरावांच्या ओसरीवर त्या दिवशी पंचायत नव्हती. मी मयताच्या घरी जाऊन, कापूस घालतो म्हणून सांगितलं. आणि ते दूध! मी आडोशाला जाऊन ओकलो. पण आता ओकून काय उपयोग, महिनाभर माझ्या अंगी लागलं आहे ते. शरमेने मरावंसं वाटतं.

गीताबाईने निघताना सहज सांगितलं, शालूबाईने परवापासून अन्न सोडलं आहे. घोटभर पाण्यावर आहे. म्हणते, नागपूरची वाट दाखवा.

उद्या नजीरची मोटार आहे. जातो.

नागपूर, २ मार्च

तारेनंतर मी टपालाने धाडलेला लेख साहेबांच्या टेबलावर टंकून तयार होता. वर जातीचं नवं नाव, आणि त्यात त्यांनी माझं नाव गुंफलेलं. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. नागपुरातून लोणारला बघायला कोण जातो?

मग सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे हे चमचे?"

"हो."

"आणि ठिपका?"

"काजळ."

ते इतके हसले की शेजारच्या वर्गातले डोकावले. हसून झाल्यावर लेख उभा फाडला आणि म्हणाले, "घाणी चांगली चालते ना तुमची? तुमचे चमचे घेऊन जा." मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण माझं लक्ष कपाटाकडे होतं.

कपाट उघडलं. शिंपली एकाहून एक लखलखीत पांढरी. प्रयोगशाळेच्या गड्याने सोड्याच्या पाण्यात उकळून, तेजाबात बुडवून, ब्रशने घासून ठेवली होती. आतला थर गेला. पाठीवर एकही ठिपका उरला नाही. तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "पार स्वच्छ केली, साहेब."

मी एकेक पुन्हा कापसात गुंडाळायला घेतलं.

लोणार, ६ मार्च

नजीर खामगावला थांबलेला होता. पेटी त्याच्या हातात दिली, त्याने झाकण उघडून बघितलं आणि मिटलं. रस्ताभर त्याने एकच प्रश्न केला, "वळखू येतीन का, साहेब?" मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली आणि मोटार चालवत राहिला.

सरळ उकंडरावांच्या घरी गेलो. पेटी ओसरीवर ठेवली. कसं सांगायचं ते वाटेत जुळवत आलो होतो, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मला कळलं नव्हतं. मी चुकलो. आणली परत, पण तिटा पुसल्या गेल्या." उकंडराव खांबाला टेकून उभे होते. शिव्या देतील, मारतील, काहीही केलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.

शालूबाईला दोघींनी धरून आणलं. इतक्या दिवसांत काय होऊन गेलं होतं तिचं! ओठ फुटलेले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. ती पेटीपाशी बसली. "माहं कोनतं?" तिने मला विचारलं.

खोटं बोलायचं मी ठरवून आलो होतो. कोणतंही एक उचलून द्यायचं, तिच्या जिवासाठी एवढं पाप घ्यायचं. मी कापसातून एक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे."

तिने ते घेतलं नाही. माझ्या तळव्यावरच असू दिलं आणि अंगठ्याने त्याची कड चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फार सावकाश.

"हे माहं नोहे," ती म्हणाली.

सुभद्राबाईने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

शालूबाईने कान खाली केला, माझ्या हाताजवळ. थोडा वेळ तशीच राहिली. मग सासूला म्हणाली, "मामी, दूध आना. कोनाचं हाय कोन जाने, लई भुकेलं हाय."

वाटी आली. वाटी धरण्याइतकी ताकद तिच्या हातात नव्हती, म्हणून सुभद्राबाईने खालून आधार दिला. आधी सासूने दोन घोट बळेच तिच्या तोंडात घातले. ते तिने गिळले, बहुतेक घाईत असल्यामुळे. मग तिने माझ्या तळव्यावरच्या शिंपल्यात दूध ओतलं आणि वाट बघत बसली.

मी हात हलू दिला नाही. दूध हळूहळू कमी होत गेलं.

"दुसरं काढा," ती म्हणाली.